कोरे रकाने

खाणी बंद पडल्या की टिपरचं काय होतं, हे डिचोली तालुक्यात कुणाला विचारावं लागत नाही. तो दारात उभा राहतो. आधी बॅटरी उतरते, मग टायर बसतात, पावसाळ्यात हौद्यात साचलेल्या मातीवर गवत येतं. बँकेचा हप्ता तेवढा वेळेवर चालत राहतो. दामोदरचा टिपर असा दोनदा उभा राहिला, एकदा सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये. पहिल्या खेपेला त्याने सासऱ्याकडून उसने घेऊन गाडी तगवली. दुसऱ्या खेपेला ती परसातल्या आंब्याखाली नेऊन लावली, वर ताडपत्री टाकली आणि बापाच्या जन्माची नोंद शोधायला घेतली.

बाप १९५२ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात चढवावी लागते, आधी बापाची, मग मुलाची. ज्या राजवटीचं जाणं गोवा दरवर्षी सुट्टी देऊन साजरं करतो, तिच्याच चोपड्यातली एक ओळ मिळवायला दामोदरने पणजीच्या किती खेपा घातल्या ते त्यालाच ठाऊक. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारताचा परत करावा लागतो. तोही त्याने केला. एजंट कागदावर बोट ठेवत गेला, ‘इथे, इथे आणि मागच्या पानावर’, आणि दामोदर सही करत गेला. काय लिहिलंय ते त्याने विचारलं नाही. त्याच्या बायकोने, सुलभाने विचारलं, तर एजंट हसून म्हणाला, “वहिनी, पोर्तुगीज आहे ते. वाचून काय करणार?”

दामोदरला न वाचता सही करण्याची सवय जुनीच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे चीनला खनिज पुरवता पुरवता अख्खा खाणपट्टा लाल धुळीत धावत होता. खाणीच्या काट्यावर वजनाची चिठ्ठी मिळायची, सारमानसच्या जेटीवर ती देऊन खाली सही ठोकायची. चिठ्ठीवर दहा टन लिहिलेलं असायचं; चढावर गाडी कण्हायची ती मात्र दहा टनांच्या मानाने फारच. पण मागे ट्रकांची रांग, पुढे नदीत बार्ज थांबलेली, आणि दिवसाला एक खेप जास्त झाली तर हप्ता सुटतो. वजन लिहिणारा वेगळा, माल भरणारा वेगळा, सही करणारा वेगळा. प्रत्येकाला वाटायचं, बघणारा दुसरा कुणीतरी आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात तो लंडनला पोचला. तेव्हा दार अजून उघडं होतं. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याच पासपोर्टावर असं नुसतं जाऊन कामाला लागता आलं नसतं. साऊथॉलला एका खोलीत तिघं. कामासाठी एजन्सी. तिच्या भिंतीवर सरकारी परवाना चौकटीत लावलेला होता, आणि त्यामागे एक दुःखद हकिकत आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकॅमच्या उपसागरात, आपल्या तिसऱ्यांसारखे शिंपले वेचायला रात्री उतरवलेले किमान एकवीस चिनी मजूर भरतीत सापडून बुडाले. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की शेतात, शिंपल्यांवर आणि अन्नाच्या कारखान्यांत मजूर पुरवणाऱ्याकडे परवाना हवाच. काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून पैसे घ्यायला तर त्याआधीच बंदी होती. एजन्सीने दामोदरकडून काही घेतलंही नाही. एजन्सीची ओळख करून देणाऱ्या, आपल्याच बाजूच्या एका माणसाने चहाच्या दुकानात दीडशे पौंड घेतले. त्याची पावती नव्हती, हे सांगायला नकोच.

कारखाना पार्क रॉयलमध्ये. पश्चिम लंडनचा हा औद्योगिक भाग म्हणजे शहराचा भटारखाना. चपात्यांपासून चीजकेकपर्यंत सगळं तिथे बनतं. दामोदरच्या कारखान्यात सँडविच. आत चार-पाच अंश तापमान, कारण अन्न थंड राहायला हवं. माणसं थंड राहतात ती त्याच्यासोबत. दोन पायमोजे, आत स्वेटर, वर पांढरा कोट, गमबूट, केसांवर जाळी, दाढीवर जाळी. घड्याळ नाही, कडं नाही. साधी अंगठी चालते, मंगळसूत्र चालत नाही. तमिळ आणि गुजराती बायका ते लॉकरमध्ये ठेवून येत. बोट कापलं तर पट्टी निळी मिळते, कारण खाण्याच्या पदार्थांत निळं सहसा काही नसतं, आणि त्या पट्टीत धातूचा पातळ पत्रा असतो, गळून पडली तर यंत्राला सापडावी म्हणून. पेनसुद्धा निळं, एकसंध, टोपण नसलेलं. शिकवणीच्या पहिल्या दिवशी दामोदरला सर्वात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या चौदा घटकांचा उल्लेख लेबलवर करावाच लागतो, त्यांत मोहरी आणि तीळ होते. आपल्याकडे ज्याशिवाय फोडणी होत नाही आणि संक्रांत होत नाही, त्याने इथे एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

काम म्हणजे सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं. एक बाई पाव मांडते, दुसरी मेयोनीज, तिसरा अंडं, चौथी वर हिरवा पाला. दामोदरकडे कित्येक महिने नुसते टोमॅटो होते, प्रत्येक पावावर दोन चकत्या. मग २०२० ची टाळेबंदी आली. ऑफिसं बंद, दुपारी सँडविच खाणारे घरी बसलेले. उद्या काम आहे की नाही ते सांगणारा एजन्सीचा संध्याकाळचा मेसेजही बंद. ते वर्ष त्याने कसं काढलं ते तो सांगत नाही. तेव्हा खोलीचं अर्धं भाडं नयनभाईने भरलं, एवढंच सांगतो.

नयनभाई दीवचा. गोव्यासारखीच तीही जुनी पोर्तुगीज जागा, त्यामुळे पासपोर्टही तसाच. मच्छीमार घरातला माणूस, बोलायला मोकळा, कुणाचं पोर आजारी पडलं तर त्याची शिफ्ट स्वतः अंगावर घेणारा. तो टीम लीडर होता, तीन नंबर आणि चार नंबर अशा दोन लाइनी त्याच्याकडे. हे आधीच सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्यात त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि ते खोटं होईल.

२०२२ च्या ऑक्टोबरात नयनभाईने दामोदरला तीन नंबरच्या शेवटाला, मेटल डिटेक्टरवर उभं केलं. टोमॅटोपेक्षा बरं काम. पगार तोच, किमान वेतनाचा, तासाला साडेनऊ पौंड. पट्टा एका चौकटीतून जातो. सँडविचमध्ये सुरीचा कण, स्क्रू, तारेचा तुकडा असं काही असेल तर यंत्र ते ओळखतं आणि एक दांडा ते पाकीट कुलूपबंद पेटीत ढकलून देतो. पण यंत्र जागं आहे की नाही हे कसं कळायचं? त्यासाठी दर तासाला तीन कांड्या पट्ट्यावरून सोडायच्या. एका कांडीत लोखंडाचा बारीक मणी, दुसरीत पितळेचा, तिसरीत स्टेनलेस स्टीलचा. तिन्ही ढकलल्या गेल्या की शीटवर त्या तासाच्या रकान्यात वेळ, तीन खुणा आणि सही. एखादी कांडी निसटली, तर शेवटच्या बरोबर तपासणीपासूनचा सगळा माल थांबवायचा. फक्त तेवढाच. नियम कठोर आहे तसा उदारही आहे, पण हे उदारपण दर तासाची खूण खरी असेल तरच वापरता येतं.

तपासणीला दीड-दोन मिनिटं लागत. तेवढा वेळ लाइन थांबे. भिंतीवरच्या फलकावर मिनिटाला किती पाकिटं निघायला हवीत त्याचा आकडा असे आणि शेजारी प्रत्यक्ष निघालेली. ज्याने तो आकडा ठरवला त्याने तपासणीची मिनिटं त्यात धरलेलीच नव्हती. म्हणजे नियम पाळला की लाइन मागे पडणार, आणि मागे पडली की टीम लीडरला बोलणी बसणार. असले हिशेब वर बसून केले जातात आणि त्यातली तूट खालच्या माणसाने गुपचूप भरून काढावी अशी अपेक्षा असते.

चार नंबरवर ती तूट नयनभाई भरून काढत असे. तिथे डिटेक्टरवर नव्याने आलेली रुमानियन मुलगी होती, तिला इंग्रजी शीट भरता येत नव्हती. नयनभाई रात्री बाराच्या सुमाराला तिची शीट घ्यायचा आणि सकाळी सहापर्यंतचे रकाने एकाच बैठकीत भरून टाकायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याने दामोदरलाही सांगितलं, “दामूभाई, तू पण एकदम भरून टाक. मशीन कधी चुकतं का?”

दामोदर म्हणाला, “भरतो.” पण भरलं नाही. नकार द्यायला त्याची जीभ रेटली नाही. खोलीचं भाडं आठवत होतं. तो फक्त दर तासाला लाइन थांबवत राहिला. पट्ट्यावरच्या बायका कुरकुरायच्या. एक पंजाबी बीजी तर मोठ्याने म्हणायची, “आला हा तीन काड्यावाला!”

नाताळच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे या धंद्याचा हंगाम. अंडं आणि टूना बाजूला पडतात, टर्की आणि क्रॅनबेरीचं सँडविच चालतं. त्या रात्री दोन्ही लाइनींवर तेच होतं. ओला, खारट पदार्थ विजेला थोडी वाट देतो, त्यामुळे यंत्राला तोच धातूसारखा भासतो. म्हणून प्रत्येक सँडविचसाठी यंत्राची सेटिंग वेगळी. टर्कीबरोबरचं सारण जरा जास्तच ओलं झालं होतं. चांगली पाकिटं पेटीत पडू लागली. अडीचच्या सुमाराला मेकॅनिक आला, दोन्ही यंत्रांची संवेदना थोडी खाली केली आणि निघून गेला. पाकिटं सुरळीत जाऊ लागली. सगळ्यांना बरं वाटलं.

तीन वाजता दामोदरने कांड्या सोडल्या. लोखंड पडलं. पितळ पडलं. स्टील सरळ पुढे निघून गेलं.

त्याने पुन्हा सोडलं. पुन्हा गेलं. त्याने लाल बटण दाबलं.

नयनभाई धावत आला. त्याने स्वतः कांडी सोडून पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, “ठीक आहे, सेटिंग वर करून घेतो. तू तीनची खूण मार. साडेपाचला लॉरी आहे.”

“खूण कशी मारू? गेली ना ती.”

“अरे, एका तासाचा माल आहे. कुठे लोखंड पडलंय त्यात? सही कर, जबाबदारी माझी.”

जबाबदारी माझी. हे शब्द दामोदरने जेटीवर इतक्यांदा ऐकले होते की ते बोलणाऱ्यांचे चेहरे त्याला एकामागून एक आठवले. त्यातलं एकही माणूस, गाड्या उभ्या राहिल्या तेव्हा, त्याच्या दारात आलं नव्हतं. त्याने वाद घातला नाही. शीट मेजावर ठेवली, पेन वर ठेवलं, आणि क्यूएच्या, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्यांच्या, काचेच्या खोलीकडे चालत गेला.

क्यूएची बाई घानाची, वयाने तिशीच्या आतली. तिने दोनच्या रकान्यातली सही पाहिली, तीनचा कोरा रकाना पाहिला, आणि दोन ते तीनमधल्या ट्रॉल्यांवर लाल पट्ट्या लावल्या. मिनिटाला चाळीसेक पाकिटं, म्हणजे चोवीसशेच्या आसपास. मग तिने विचारलं, “मेकॅनिकने अजून कुठल्या लाइनला हात लावला?”

चार नंबरवर स्टीलची कांडी तशीच निसटली. तिने शीट मागितली. शीट सुंदर होती. एकाच पेनाने, एकाच वळणात, दहापासून सहापर्यंत. भिंतीवर तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाईने कुणाला आवाज चढवला नाही. शिफ्टच्या सुरुवातीपासूनचा चार नंबरचा सगळा माल थांबवायला सांगितला, बारा हजारांवर पाकिटं. खरं तर दहा, अकरा, बारा वाजता ते यंत्र बहुधा ठीकच चालत असणार. हे तिलाही कळत होतं, नयनभाईलाही. पण ज्या शीटवर पहाटे पाचची तपासणी तीन वाजताच झालेली आहे, तिच्यातल्या दहाच्या तपासणीवर कोण विश्वास ठेवणार? खोट्या खुणांनी खऱ्या असतील त्या खुणाही खाल्ल्या.

चार वाजता दोन्ही लाइनी बंद झाल्या आणि एजन्सीच्या माणसांना घरी पाठवलं गेलं. पगार चारपर्यंतचा. दोन तासांचे एकोणीस पौंड प्रत्येकाचे गेले, दामोदरचेसुद्धा. कोट काढताना बीजी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “नाताळच्या आठवड्यात पोटावर पाय दिलास.” लाल पट्टीचा माल दुसऱ्या यंत्रावरून पुन्हा तपासला गेला, तोवर लॉरी गेली होती आणि ज्याचं आयुष्यच दोन-तीन दिवसांचं ते सँडविच उशिरा कुणी घेत नाही. सगळं टाकून दिलं. त्या हजारो पाकिटांत धातूचा एक कणही निघाला नाही.

हे शेवटचं वाक्य नयनभाईने बसस्टॉपवर दोनदा म्हटलं. त्याला एजन्सीने पुढची सूचना येईपर्यंत येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. “एक कण निघाला नाही, दामूभाई. मग काय मिळवलंस? माल लॉरीत गेला असता तर कुणाला कळलंही नसतं.”

दामोदरने त्याला खाणींची हकिकत सांगितली. आधी कधी सांगितली नव्हती. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, पुढचंच काय ते थांबलंय. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तो मागे गेला. न्यायालय म्हणालं, या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. तिथून पुढे २०१२ पर्यंत जे काही काढलं ते सगळं बेकायदेशीर. पुन्हा परवाने दिले गेले, तेही फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले, अठ्ठ्याऐंशी खाणपट्टे एकदम.

“माझी गाडी २००९ ची,” दामोदर म्हणाला. “म्हणजे पहिल्या बंदीपर्यंत मी ओढलेली प्रत्येक खेप त्या तारखेनंतरची. प्रत्येक चिठ्ठीवर सही माझी. कधी चुकीचं काही करतोय असं वाटलंच नाही.”

“पण तुझा काय दोष? तू ड्रायव्हर.”

“दोष कोण विचारतो, नयनभाई? गाडी उभी राहिली ना.”

नयनभाई बराच वेळ रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, “तुम्हाला पाच वर्षं कुणी थांबवलं नाही?”

“थांबवणाऱ्यांचं आम्ही ऐकलं नाही. आम्हाला वाटायचं, हे पोटावर पाय देतायत.”

बस आली. दोघं वेगवेगळ्या सीटवर बसले.

जानेवारीत कारखान्याने नियम बदलला. प्रत्येक तपासणीला आता दोन सह्या, आणि फलकावरच्या आकड्यातून तपासणीची मिनिटं वजा. दामोदरला बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. रुमानियन मुलीला तिच्या भाषेतली शीट मिळाली, ही मात्र मोठी गोष्ट झाली. ती आधीच का दिली नव्हती हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. नयनभाई महिन्याभराने परत आला तो साध्या कामगाराच्या जाळीत, टोमॅटोवर. दामोदरच्या तपासणीवर दुसरी सही कोण करणार असा प्रश्न आला, तेव्हा क्यूएच्या बाईने दामोदरलाच विचारलं. त्याने नयनभाईचं नाव सांगितलं. ती चकित झाली. पहिले काही दिवस नयनभाई तोंड पाडून यायचा, कांड्या पडताना न बघता सही करायला पेन मागायचा. दामोदर पेन द्यायचा नाही, कांडी द्यायचा.

त्याच सुमारास सुलभाचा फोन आला. टिपरला गिऱ्हाईक आलं होतं, म्हणजे दलाल. साडेतीन लाख रोख देतो म्हणाला. गाडी दामोदरच्या नावावर, म्हणून आरटीओचे फॉर्म, एकोणतीस आणि तीस, सुट्टीवरून परत येणाऱ्या एका गाववाल्याच्या हाती लंडनला पाठवले होते. दोन्ही कोरे. फक्त सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. घेणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, दलालाला गाडी आपल्या नावावर न करता पुढे कुणालाही विकायची होती. असं सगळेच करतात. ती गाडी उद्या कुठे कुणाला धडकली तर कागदावर मालक दामोदरच असणार होता.

त्याने फॉर्म परत पाठवले, सही न करता. दलाल सुलभाला म्हणाला, “वहिनी, लंडनला जाऊन माणूस शहाणा झाला वाटतं,” आणि उठून गेला. बापाने दोन दिवस फोनवर बोलणं टाकलं. साडेतीन लाखांत बँकेची उरलेली बाकी फिटून वर घराचे पत्रे झाले असते. गाडीवर अजून एक पावसाळा गेला.

गणपतीनंतर सुलभाने पुन्हा फोन केला. “अहो, कारवारकडचा एक जण आलाय. दोन लाख ऐंशीच देतो म्हणतो. पण नाव घालायला तयार आहे.”

“त्याचं आधार कार्ड बघितलंस?”

“हातातच आहे.”

“मग फॉर्मवर त्याच्याकडूनच नाव लिहून घे, पत्ता, तारीख, चेसिस नंबर, सगळं,” दामोदर म्हणाला. “फोटो काढून पाठव. मी एकेक रकाना वाचतो, मग पाठवून दे सहीला.”